साडेतीनातली अर्धी

मॉन्ट्रियलच्या उगवतीकडं, बंदराच्या वासात, आमची ओशलागाची वस्ती आहे. इथं घर मोजायची एक रीत आहे. तीन खोल्या असल्या तर घर साडेतीनाचं म्हणायचं. वरची अर्धी म्हणजे न्हाणी. त्या अर्धीत टब, तोंड धुवायचं भांडं, संडास आणि एक माणूस, एवढं मावतं. दुसरा आत आला तर पहिल्यानं टबात उभं राहायचं. रोझेर आस्लँचं म्हातारपण तीन खोल्यांत बरं चाललं होतं. त्याचा घात केला तो अर्धीनं.

रोझेर मूळचा गास्पेचा, समुद्राकाठच्या खेड्यातला. बापाची कॉड मासळीची होडी होती. घरात तोंडं फार झाली तसा हा मिसरूड फुटायच्या वयात शहरात आला, एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागला आणि म्हातारा होऊनच तिथून बाहेर पडला. रक्तानं, पुवानं भरलेल्या चादरी उकळायच्या, घासायच्या, पिळायच्या, पांढऱ्याफेक करून वर पाठवायच्या. कोपरापर्यंतची कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी झालेली. माणूस बुटका, रुंद, रस्त्यानंसुद्धा होडीत उभा असल्यासारखा पाय फाकवून चालायचा. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "साडेतीनात बायको मावती. तिचं बोलनं मावत न्हाई."

माझं घर शेजारच्या इमारतीत, त्याच्याच पातळीला. मागच्या लाकडी गॅलऱ्या एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये गुडघ्याएवढा कठडा. त्यानं त्याची खुर्ची कठड्याला लावायची, मी माझी. बोलणं ओलांडून जायचं, माणसं आपापल्या भाड्यात. त्याच्या खालच्या घरात जिनेट. एका शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई, आवाज पितळी परातीसारखा. तिला जिना चढायचा कंटाळा. अंगणात उभी राहून वर तोंड करायची, की आमच्या बोलण्यात तिसरी भर पडायची.

भाडेकरूनं कसं राहावं याचं रोझेरचं शास्त्र ठरलेलं होतं. "मालकाला आपलं नाव आठवावं लागलं पायजे, शेजाऱ्या. नाव त्येच्या तोंडात बसलं की समजायचं, दिवस भरलं." म्हणून तो मालकाकडं कधी काही मागायचा नाही. पहिल्या तारखेला म्हाताऱ्या कॉर्दोच्या दारात जाऊन पैसे द्यायचे, आत ये म्हटलं तरी पायरी चढायची नाही. बसलं की बोलणं निघतं, बोलणं निघालं की भाडं निघतं. म्हाताऱ्या कॉर्दोलाही सुस्ती होती. भाडं वाढवायचं त्याच्या ध्यानात राहायचं नाही, आणि ध्यानात आणून देईल तो रोझेर कसला? सगळी गल्ली भाड्यापायी मोडून पडत होती आणि वर रोझेर आणि खाली जिनेट जुन्या भाड्यात बसले होते, वळचणीच्या पाकोळ्यांसारखे.

भीती उगीच नव्हती. दर साली एक जुलैला आमच्या शहरात अर्धी दुनिया घर बदलते. रस्त्यावर गाद्या, फ्रिज, रडणारी पोरं, दारू प्यालेले मदतनीस. पण पूर्वी जाणारा हौसेनं जायचा. अलीकडं मालकांना एक शब्द सापडला होता: डागडुजी. "भिंती उघडायच्या आहेत, चार महिने दुसरीकडं राहा," असं गोड बोलायचं, आणि माणूस परत यायच्या आत नवी फरशी, नवा रंग आणि नवा भाडेकरू. जिनेटची बहीण अशीच गेली. ती तर नुसती खिडकी घट्ट बसत नाही म्हणून तक्रार करायला गेली होती.

"बघा," रोझेर म्हणायचा, "खिडकीला गेली आन् दार गमावून बसली."

तर अशा माणसाच्या न्हाणीत, नळाच्या मागच्या दोन फरश्या सुटल्या.

सुटल्या तशा त्यानं त्या लांबीचा लगदा भरून चिकटवल्या. पुन्हा सुटल्या. मग त्यानं भिंतीला पत्रा ठोकला, कडेनं डांबर भरलं. पण पाण्याला वाट एकदा ठावी झाली की ते वाट सोडत नाही. पत्र्याच्या मागनं ते खाली उतरत राहिलं, टबाच्या मागच्या पायाशी साठत राहिलं. जमीन काळी पडली, फुगली. त्यानं वर फळी टाकली. फळी काळी पडली तशी दुसरी टाकली. सगळं काम नेटकं बरं का, खिळे एका ओळीत, कडा घासलेल्या. मरत्या जनावराच्या अंगावर झूल घालावी तसं.

खाली जिनेटच्या स्वयंपाकघरात छताला डाग उमटला. तिनं झाडूच्या दांड्यानं वर ठोकलं. रोझेर खाली गेला. दोघं माना वर करून बघत राहिले.

"कुठल्या देशाचा नकाशा हाय ह्यो?" जिनेटनं विचारलं.

"जिनेट, तू फोन केलास तर मी गेलो."

"आन् तू गेलास की मालक म्हननार, वरचं उघडलंच हाय तर खालचंबी उघडू. मला अक्कल न्हाई का म्हाताऱ्या? रंगाचा डबा आन."

तो डबा घेऊन आला. शिडी धरून उभा राहिला आणि तिनं डाग पांढरा केला. पुढं हे दोघांचं सणावारासारखं झालं. बर्फ वितळलं, की डाग वर यायचा. डाग आला, की डबा यायचा. काम झाल्यावर दोघं एकेक बिअर घ्यायचे आणि मालकांच्या जातीला शिव्या द्यायचे. छताला रंगाचे इतके थर बसले, की तेवढाच भाग गळू आल्यासारखा खाली लोंबायला लागला.

एकदा माझा नळ गोठला होता म्हणून मी रोझेरच्या न्हाणीत गेलो. दारातून आत पाय टाकला आणि तो खाली गेला. मोडून नव्हे, मऊ. ओल्या शेणखतावर पाऊल पडावं तसा. बाहेर येऊन मी म्हटलं, "रोझेर, आरं, हे तू झाकू शकत न्हाईस. मालकाला सांग. दुरुस्ती करनं त्येचं काम हाय, कायदा तुझ्या बाजूनं हाय. तुझ्यासारख्या जुन्या म्हाताऱ्याला असं काढता येत न्हाई."

"कायदा बाजूनं आसतो," तो म्हणाला, "पन सोबतीला राहायला येत न्हाई. चहा घेनार?"

पुढं म्हातारा कॉर्दो मेला आणि दोन्ही घरं त्याच्या लेकीकडं, मिलेनकडं आली. मिलेन मास्तरीण, शहराबाहेर राहणारी, दोन पोरांची आई. ती येणार म्हटल्यावर रोझेरनं तीन दिवस घर घासलं. खिडक्या पुसल्या, पडदे उकळले. आणि न्हाणीत दोऱ्या बांधून आपली सगळी आतली कापडं वाळत घातली. अशी दाटीवाटीनं, की भिंत दिसू नये.

मी गॅलरीतच होतो, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मिलेन आली, घरभर फिरली, चांगलं बोलली. बोलताना ओशाळी वाटत होती. बापाच्या वयाच्या माणसाच्या घरात मालकीण म्हणून शिरायचं तिला जड जात असावं.

"मस्यू आस्लँ, बाबांनी बरीच वर्षं काही केलेलं दिसत नाही. गुरुवारी मी प्लंबर बोलावलाय. तुमच्याकडं काही गळत असेल, तुंबत असेल, तर त्याच फेरीत करून घेऊ."

"काय सुदीक न्हाई, मादाम. सगळं झ्याक हाय."

"न्हाणी एकदा बघू का?"

"कापडं वाळत घातल्यात, मादाम. आतली. बाईमाणसानं बघन्याजोगी न्हाईत."

ती लाल झाली. हसली. दाराच्या मुठीवर गेलेला हात तिनं मागं घेतला. "बरं. पण नक्की काही नाही ना? मला खर्चाचं काही वाटणार नाही, खरंच सांगते. न सांगितलेलं जास्त महागात पडतं."

"तीस वर्सांत तुमच्या वडिलांना एक फोन केला न्हाई मी," रोझेर म्हणाला. असा ताठ उभा राहून म्हणाला, की जणू छातीवर बिल्ला लावलाय.

ती गेली. अंगणातून जिनेटचा आवाज आला, "गेली का ती बया?"

"गेली!"

"माझ्या छताकडं बघितलं आन् म्हनली, किती स्वच्छ ठेवलंय!" आणि जिनेट अशी हसली, की समोरच्या गॅलरीतलं कुत्रं भुंकायला लागलं. रोझेर कठड्याशी येऊन बसला. चेहऱ्यावर पाटलाला कुस्तीत चीत केल्याचा आनंद.

"पोरगी वाईट न्हाई वाटत," मी म्हटलं.

"वाईट कोनच नसतंय सुरवातीला."

हे खरंच. पण गुरुवारी प्लंबर आला, जिनेटच्या मोरीचा पाइप बदलून गेला, आणि वर चढलाच नाही.

फेब्रुवारीत ते झालं. थंडी अशी होती, की श्वास मिशीवर गोठत होता. रोझेरला घोंगड्या धुवायची लहर आली. कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात तो जन्मात गेला नव्हता. यंत्रात कापड फिरतं, धुतलं जात नाही, असं त्याचं मत. जाड लोकरी घोंगड्या तो टबात भिजवायचा, इस्पितळातल्या पद्धतीनं, टब काठोकाठ भरून, सोडा टाकून, दुपारपर्यंत. त्या दिवशी त्यानं चार भिजत घातल्या आणि पाव आणायला खाली उतरला. बिडाचा टब, गळ्यापर्यंत पाणी, आणि पाणी पिऊन म्हशीएवढ्या झालेल्या घोंगड्या.

जिनेट शेगडीपाशी बटाटे कुस्करत होती. आधी कण्हल्यासारखा आवाज आला म्हणे. तिनं वर बघितलं आणि दोन पावलं मागं झाली. म्हणून वाचली. छताचं ते गळू फुटलं, रंगाचे सगळे थर कातडीसारखे सोलवटून खाली आले, आणि मागोमाग टबाचा एक पाय, वाघाच्या पंज्याच्या घाटाचा, बुडाच्या तुकड्यासकट छतातून खाली आला आणि तिथंच अडकून राहिला. साबणाचं पाणी बटाट्यांत पडत होतं.

रोझेर पाव घेऊन आला तेव्हा ती बाहेर बर्फात चपलांवर उभी होती. ओरडली नाही. जिनेट ओरडली नाही, हेच पहिल्यांदा वाईट वाटलं मला.

"रोझेर," ती म्हणाली, "तुझा पाय आलाय खाली."

अग्निशामकवाले आले, मग नगरपालिकेचा माणूस आला. त्यानं तुळईत पेचकस खुपसला तर तो मुठीपर्यंत आत गेला, केक कापावा तसा. दोन्ही घरं रिकामी करा म्हणाला. आजच्या आज. पाणी बंद केलं, दाराला पट्टी लावली. जिनेट बहिणीकडं गेली. रोझेर माझ्या सोफ्यावर आला, ओल्या घोंगड्यांची पिशवी घेऊन.

मिलेन शाळा सोडून धावत आलेली. जिनेटच्या स्वयंपाकघरात उभी राहून वर त्या पंज्याकडं बघत राहिली. रोझेर दारात.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू होतं. "एका दिवसाचं काम होतं, मस्यू आस्लँ. माणूस खाली उभा होता."

रोझेरनं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

एवढ्यावर मिटलं असतं, पण घर बांधायला बँकेचा पैसा, पैशामागं विमा, विम्यामागं वकील. वकिलानं मिलेनला सांगितलं, की ओल ठाऊक असून भाडेकरूनं लपवली असेल तर त्याचा करार मोडता येतो. ठाऊक नसेल, तर दुरुस्ती झाल्यावर त्याला त्याच घरात, त्याच भाड्यात परत घ्यावं लागेल. म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं: रोझेरला ठाऊक होतं का?

भाड्याच्या कचेरीत तारीख पडली. आदल्या दिवशी दुपारी जिनेट माझ्याकडं आली. चक्क जिना चढून. टेबलाशी बसून रोझेरला पढवायला लागली.

"काय म्हनायचं?"

"मला काय दिसलं न्हाई."

"पत्रा कशापायी ठोकला?"

"शोभेला."

"आरं शोभेला काय! म्हन, पहिल्यापासनं व्हता. फळ्या?"

"पाय गार पडायचं म्हनून."

"हां. आन् म्हातारा हाय, नजर गेलीय, नाक गेलंय म्हन. जरा वाकून उभा ऱ्हा. तुला रडता येतं का?"

"न्हाई."

"मग खोक."

रोझेर खोकला. आम्ही हसलो. खूप दिवसांनी हसलो.

कचेरीतली खोली लहान, गरम, खिडकी नसलेली. निवाडा करणारी बाई चष्म्यावरून बघणारी, पण उर्मट नव्हती. रोझेर वाकून उभा राहिला, ठरल्याप्रमाणं खोकला. मला काय दिसलं न्हाई, म्हणाला. पत्रा पहिल्यापासनं व्हता, म्हणाला. बाईनं लिहून घेतलं. बरं चाललं होतं.

मग विम्यानं पाठवलेला इंजिनिअर उठला. मिलेनच्या बाजूचा माणूस, पण सरळ माणूस. त्यानं फोटो दाखवले आणि म्हणाला, "लाकूड निदान दहा वर्षं कुजत होतं. वास येत असणार, बुरशी असणार. पण असंही असतं, मादाम, काही माणसांना घाणीत राहायची सवय होऊन जाते. हळूहळू वाढत जाते, त्यांच्या ध्यानातच येत नाही. या गृहस्थांचंही तसंच असू शकेल."

जिनेटनं माझा गुडघा दाबला. मेल्यानं आमचंच काम केलं होतं. आता रोझेरनं गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं.

रोझेर सरळ झाला.

"घान?" तो म्हणाला.

"मस्यू आस्लँ, तुमची पाळी येईल," बाई म्हणाली.

"कुनाच्या घरात घान? ऑपरेशनच्या चादरी धुतल्यात मी, बाई. डाक्टर लोक माझ्या चादरीला नाक लावून बघायचं." आणि मग तो थांबेना. पहिली फरशी सुटली ते साल सांगितलं. लांबी कुठली, पत्रा किती जाडीचा, डांबर तापवून कसं भरलं, फळी कितीदा बदलली, बुरशी आली तेव्हा दर शनिवारी ब्लीचनं कशी खरवडली. हातवारे करून, खिळ्यांची ओळसुद्धा हवेत दाखवून. मी जिनेटकडं बघितलं नाही. बाईनं लिहिणं थांबवून नुसतं ऐकलं. त्याचं झाल्यावर तिनं विचारलं,

"मग मालकांना का नाही कळवलं?"

"मी कळवनारा भाडेकरू न्हाई," रोझेर म्हणाला.

बाईनं चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "खालच्या बाईंना माहीत होतं?"

जिनेट मांडीवरच्या पर्सकडं बघत होती.

"तिला कसं ठावं आसनार?" रोझेर म्हणाला. "ती कधी वर आलीच न्हाई."

निकाल वसंतात लागला. घर दुरुस्त झालं, की जिनेटनं परत यावं, जुन्याच भाड्यात. रोझेरचा करार मोडला.

एक जुलैला त्याचं सामान निघालं. सगळ्या शहराचं निघतं त्याच दिवशी. माझ्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याची छोटी गाडी होती, तीही पुरती भरली नाही. रस्त्यावर सगळे एकमेकांना हाका मारत होते, सोफे जिन्यांवरून लोंबत होते. समोरचा एकजण ओरडला, "काय म्हाताऱ्या, नवं घर मोठं हाय का?"

"लई मोठं," रोझेर ओरडला. "अर्धी भाईर काढलीया!"

भाड्याची खोली होती ती, शहराच्या वरच्या अंगाला, हमरस्त्याच्या कडेला. न्हाणी बोळात, सात जणांत एक. जिनेट त्या दिवशी आली नाही. तिला संधिवात होता, बहिणीनं निरोप दिला. त्या निकालानंतर दोघं बोलले नाहीत. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

शरद सरता सरता ती परत आली. नवं छत, नवी शेगडी. वरच्या घराला मोठ्या खिडक्या झाल्या, टब गेला, उभ्यानं अंघोळ करायचं काचेचं कपाट आलं. तिथं एक तरुण जोडपं आलं, रोझेरच्या तिप्पट भाड्यानं. मिलेननं स्वतःहून वाढवलं असं नाही. बँकेनं वाढवायला लावलं. जिनेट आता अंगणात उभी राहून वर तोंड करत नाही. मी गॅलरीत दिसलो तर हात करते आणि आत जाते.

अधूनमधून मी रविवारी रोझेरकडं जातो. तो पलंगावर, मी खुर्चीवर. जुन्या घराचं नाव तो काढत नसे, मीही काढत नव्हतो. गेल्या खेपेला मात्र त्यानं काढलं. खिडकीतून मोटारींकडं बघत, सहज विचारल्यासारखं.

"वर कोन ऱ्हातंय?"

"एक जोडपं हाय. पोरसवदा."

"भांडत्यात का?"

"न्हाई."

"मालकिनीला फोन करत्यात?"

"सारखं. दार कुरकुरलं, फोन. नळ ठिबकला, फोन. मागं बल्ब गेला म्हनून केला व्हता."

त्यानं पुलावरून जाणारी एक लांबलचक मालगाडी शेवटच्या डब्यापर्यंत बघितली.

"मग ती येती?"

"येती," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी मानूस घिऊन येती."

रोझेरनं मान हलवली. मग उठून माझा कोट आणून दिला. म्हणाला, बस चुकंल तुझी.